मर्लला दिलेली पेटी

—नाही हो मॅडम, मागं काहीच नाहीये. उचला ना ताडपत्री, खुशाल उचला — एक फावडं, एक जुना टायर आणि बायकोनं, व्हर्नानं, दुकानात परत करायला दिलेली बादली. हरीण नाही, एल्क नाही, ससासुद्धा नाही. रायफलही नाही. हंगामाचा पहिला दिवस, अख्खा मोंटाना डोंगरात, आणि हा म्हातारा तुमच्या शिकार-तपासणी नाक्यावर सकाळी नवापासून रिकाम्या हातानं बसलाय म्हटल्यावर संशय येणारच. यायलाच पाहिजे, त्याचाच पगार आहे तुम्हाला. लिहा — स्टेनरसन, आर्लन. वय एकाहत्तर. शिकार शून्य. अकलेचा रकाना असेल तर तिथंही शून्यच लिहा.

मी मर्लची वाट बघतोय. मर्ल हॉब्सन — हिरवा पिकअप, डावा दिवा फुटलेला. तुम्ही दुपारच्या पाळीच्या म्हणून परत सांगतो, सकाळच्या साहेबांना सगळं सांगून झालंय. त्यांनी वायरलेसवर कळवलंय, एक गाडी वर फिरतेय — पण डोंगर केवढा आणि गाडी एक. झालंय असं, की माझा एक गाढवपणा मर्लबरोबर वर गेलाय. वीस काडतुसांची पेटी. घरी माझ्या हातानं दारू घालून भरलेली, माझ्या हातानं दिलेली. ती त्यानं त्याच्या पणजोबांच्या रायफलीत घातली आणि चाप ओढला, तर ती रायफल त्याच्या तोंडासमोर फुटेल. डोळा जाईल, हात जाईल — किंवा मर्लच जाईल. हे असं आहे. सकाळपासून हसत हसत सांगतोय सगळ्यांना, न हसता सांगायला जमत नाही.

वर जाऊन शोधत का नाही? कुठं शोधू? जागा माहीत पाहिजे ना! एकेचाळीस वर्षांची दोस्ती आहे मॅडम. त्याच्या बायकोच्या मयतीला खांदा दिलाय मी, माझ्या ऑपरेशनला रात्रंदिवस तो बसून होता. पण शिकारीची जागा? ती कुणी कुणाला सांगत नाही, आणि विचारणं तर त्याहून वाईट. मी विचारलं होतं एकदा, कधीतरी तरुणपणी. म्हणाला, "वरती." बस. एवढंच माहीत आहे मला — वरती. फोन तो शिकारीच्या दिवशी स्वयंपाकघरातल्या खणात ठेवून जातो, हरणाला ऐकू येतो म्हणे. आता या खोऱ्यातनं बाहेर पडायला रस्ता एकच, तो तुमच्या या टेबलासमोरनं. म्हणून बसलोय. तुम्ही हरणांचे दात बघून वय सांगता ना? मला बघून सांगा बरं, एवढ्या वयात एवढी माती कशी खाता येते माणसाला.

आता तुम्ही म्हणाल, काडतूस ते काडतूस. नाही ना! हे आमचं पंचेचाळीस-सत्तर. अंगठ्याएवढं जाड. सव्वाशे-दीडशे वर्षं तेच माप, तीच पितळी पुंगळी. मर्लच्या पणजोबांनी घेतलेली लिव्हर-रायफल — ती हो, चापाखालची कडी खाली-वर केली की काडतूस आत सरकतं, तसली — तिच्यातही हेच जातं, आणि माझ्या नव्या रायफलीतही हेच. पण जुनीचं लोखंड जुन्या काळ्या दारूच्या हिशेबाचं. तिला सौम्यच पाहिजे, कमी दारूचं. माझी नवी घोड्यासारखी दणकट, तिच्यासाठी मी जहाल भरतो — अस्वल समोरनं आलं तर जागच्या जागी बसावं असं. बाहेरनं बघाल तर दोन्ही सारखी. एक पितळ, एक शिसं. आत काय भरलंय ते भरणाऱ्यालाच ठाऊक. म्हणजे ठाऊक असावं, अशी अपेक्षा.

अस्वल? नाही, अजून आलं नाही समोरनं. तेवीस वर्षं वाट बघतोय त्याची. एकदा कचऱ्याच्या डब्याशी आलं होतं, व्हर्नानं झाडू दाखवून हाकललं.

साठा किती? विचारलंत! एका साली दुकानांतल्या फळ्या रिकाम्या झाल्या होत्या — काडतूस नाही, दारू नाही, काहीच मिळेना. लोक म्हणायला लागले, आता कधीच मिळणार नाही. झालं. त्या दिवसापासून जे भरायला लागलो ते थांबलोच नाही. फळ्या पुन्हा भरल्या, पार ओसंडून वाहायला लागल्या, तरी मी आपला तळघरात खटाक-खटाक. आज चार हजारांच्या वर आहेत. व्हर्नाच्या लोणच्यांच्या बरण्या गेल्या, नाताळचं सामान गेलं, तिची शिलाईची मशीन गेली — सगळीकडं पेट्या. आणि वर्षाला मी झाडत होतो किती? तीन! एक निशाण बघायला, एक हरणाला, आणि एक ती चुकली म्हणून. त्या हिशेबानं अजून तेराशे वर्षं पुरतील मला. व्हर्ना म्हणते, "तुझ्या शवपेटीत भरून देते, वर जाऊन झाड." वाईट बाई नाही हो ती, बोलते तेवढंच.

झाडत होतो म्हणालो का? हं. ते — राहू दे. आता सांगितलंच आहे तर सांगतो, तुम्ही काय आमच्या नेमबाजीच्या क्लबात येत नाही. सहा वर्षं झाली, मी एकही गोळी झाडलेली नाही. खांद्याचं ऑपरेशन झालं ना. त्याआधीही शर्टाच्या आत टॉवेलाची घडी घालून जायचो, जहाल काडतुसाचा दणका असा बसतो की दात हलतात. आणि डोळे मिटायचो. चाप ओढायच्या आधीच! सगळ्यांसमोर शहाणपण पाजळायचं — लिव्हर-रायफलीत टोकदार गोळी घालू नका रे बाबांनो, नळीत काडतुसं एकामागं एक असतात, मागच्याचं टोक पुढच्याच्या बुडाला टोचून आतच फुटेल, चपटीच घ्या — आणि स्वतः मात्र लहान लेकरासारखे डोळे घट्ट मिटून ढाम. आता तेही नाही. डोंगरात रायफल घेऊन जातो, एका झाडाखाली बसतो, सँडविच खातो, परत येतो. विचारलं की सांगतो, "लांब होतं." भरणं तेवढं सुटत नाही. माणसाला काहीतरी येत असतं ना मॅडम, मला हेच येतं. येतं असं वाटत होतं कालपर्यंत.

घ्या, हे वाळवलेलं हरणाचं मांस घ्या. माझ्या हरणाचं नाही, मर्लच्याच गेल्या वर्षीच्या.

तर काल. दरवर्षी हंगामाच्या आदल्या दिवशी मर्ल येतो, सौम्य काडतुसांची एक पेटी घेतो. व्हर्ना रूबार्बची आंबटगोड पाय-पेस्ट्री भाजते, तो दोन तुकडे खातो, मी त्याला तळघरात नेतो. रीतच आहे. आता तळघरात गेल्या वसंतात बर्फ वितळलं आणि छातीभर पाणी शिरलं. पेट्या प्लास्टिकच्या, त्यांना काही झालं नाही — पण वरच्या चिठ्ठ्या! एकूण एक सुटल्या, पाण्यावर तरंगायला लागल्या. व्हर्नानं त्या गाळून, वाळवून एका बरणीत भरून ठेवल्यात, "घे तुझं ज्ञान" म्हणून. आता कुठली सौम्य, कुठली जहाल? शहाण्या माणसानं काय केलं असतं? एकेक उघडून, तोलून बघितली असती. मी म्हटलं, छे! इतकी वर्षं भरतोय, हलवून कळतं मला. आणि कळतंही, खोटं नाही. सौम्यात दारू कमी, आत मोकळी जागा, कानाशी हलवलं की बारीक खुळखुळतं. जहाल गच्च भरलेलं, ते गप्प. कुणालाही विचारा.

मर्लनं विचारलं, "आर्लन, सौम्यच आहेत ना रे? चिठ्ठी नाही याच्यावर." सरळ विचारलं हो त्यानं. तेव्हा म्हणता आलं असतं — मर्ल, चिठ्ठ्या वाहून गेल्या, जरा थांब, बघून देतो. दहा मिनिटांचं काम. पण नाही. मी एक काडतूस काढलं, कानाशी धरलं, वैद्यानं नाडी बघावी तसे डोळे बारीक केले आणि हलवलं. म्हटलं, "ऐक, दारू कशी खुळखुळतेय! सौम्य. लोण्यासारखी जाईल."

काय ऐकू आलं मला? काही नाही.

कारण कानाचं यंत्र वर, बेसिनवर होतं. दाढी करताना काढलेलं. चाळीस वर्षं रस्त्याचं मशीन चालवून आणि हे फटाके उडवून कान कधीच गेलेत, यंत्राशिवाय मला चर्चची घंटाही ऐकू येत नाही. हे सकाळच्या साहेबांना सांगितलं नाही मी. त्यांना म्हटलं, पेट्यांची अदलाबदल झाली. अदलाबदल कसली, मॅडम! मला माहीत होतं. हलवतानाच माहीत होतं की यंत्र नाहीये. पण मर्ल समोर उभा, माझ्याकडं असा बघतोय जसं काही मी मोठा कारागीर — तेवढा एकच माणूस उरलाय हो माझ्याकडनं काडतुसं नेणारा. मुलगा नेत नाही, क्लबातले नेत नाहीत. त्याच्यासमोर "मला माहीत नाही" म्हणायला जीभ उचलली नाही. एवढ्यासाठी. लोण्यासारखी जाईल म्हणे!

आज सकाळी चहा घेऊन खाली गेलो, यंत्र कानात. त्याच फळीवरच्या शेजारच्या पेटीतलं काडतूस सहज उचललं, हलवलं — गप्प. दुसरं, गप्प. अख्खी फळी गप्प. सगळी जहाल. खालची फळी हलवली, तर खुळखुळ, खुळखुळ. कप तिथंच पडला हातातनं. व्हर्ना वरनं ओरडली, "काय फुटलं?" मी म्हटलं, "अजून नाही."

थांबा. थांबा थांबा — तो हिरवा — डावा दिवा — तोच! मॅडम, तोच आहे! हळू चालवतोय का? का हळू चालवतोय? दोन्ही हात — दोन्ही हात आहेत स्टिअरिंगवर, दिसतायत ना तुम्हाला? मला नीट दिसत नाही, डोळ्यात पाणी आलंय, वारा आहे. मर्ल! ए मर्ल! थांब, काच खाली घे. तोंड इकडं कर. इकडं कर म्हणतो ना! दोन डोळे. बोटं दाखव — दाखव रे, विचारू नकोस. दहा. अरे देवा. अरे मर्ल, मर्ल.

आणि हे मागं काय? हरीण? मारलंस? कशानं मारलंस? त्याच रायफलीनं? मर्ल, ती पेटी जहाल आहे. मी चुकलो — नाही, चुकलो नाही, थाप मारली. ऐकू आलंच नव्हतं मला, काही ऐकू आलं नव्हतं, तू फुटला असतास रे! एक झाडलीस आणि वाचलास, आता दुसरी — काय? दुकानातली? कुठल्या दुकानातली? मग माझी पेटी? घरी. गॅरेजात. बरं. बरं झालं. देवाचीच कृपा म्हणायची, नेमकी ह्या वर्षी विसरलास आणि —

विसरला नाहीस?

सगळ्या म्हणजे? सगळ्या कुठल्या? अकरा पेट्या. अकरा वर्षांच्या. एकही उघडली नाहीस. अरे पण तूच येऊन सांगायचास ना — आर्लन, एका गोळीत पडलं, आर्लन, तुझ्या हाताला तोड नाही! मी व्हर्नाला जेवताना सांगायचो ते. अकरा वर्षं तू दुकानातनं विकत घेतोस, आणि माझी नेऊन गॅरेजात रचतोस? मग न्यायचास कशाला रे? तोंडावर सांगायचं होतंस, नको म्हणून! ... मला वाईट वाटेल म्हणून. हं. पण का? काय चुकायचं माझं? सांग ना, मॅडमसमोरच सांग, आता काय लाज उरलीय. इतकी वर्षं बाकावर माझ्यासमोर बसायचास, एकेक पुंगळी भरताना बघायचास, तेव्हा काय दिसलं तुला?

बोलतो?

दारू भरताना मी बोलत असतो. तुझ्याकडं बघून. दारू तोलायच्या तराजूकडं बघतच नाही.

...

मॅडम, ह्याच्या हरणाचे दात बघून घ्या. नाही, माझं काही नाही आता. मी गाडीत बसतो.