गणिताच्या तासाची पोटदुखी

नातीला चष्मा लागला, त्या वर्षीची गोष्ट. डोळे तपासून घ्यायला आजी तिला घेऊन शाळेच्या दवाखान्यात बसली होती. तेवढ्यात नातीच्या वर्गातली एक मुलगी नर्सबाईंकडे आली.

"बाई, पोट दुखतंय."

"गणिताच्या तासालाच बरं दुखतं तुझं पोट?"

"गणित येतं मला. पण त्या वर्गातून समोरचं हॉस्पिटल दिसतं. आई रोज तिथल्या खिडकीतून हात हलवते. आज पडदा उघडलाच नाही."

"मग आधी सांगायचंस ना गं. थांब, वॉर्डात फोन लावते."

फोन लागला.

"झोपल्या होत्या म्हणे राणीसाहेब. घे, बोल."

"आई, शाळेच्या वेळेत कुणी झोपतं का?"

त्या मुलीची आई बरी होऊन घरी आली. ती आई वारली ती कितीतरी वर्षांनी, थेट गेल्या उन्हाळ्यात, लेकीची लेक शाळेत जायला लागल्यावर.