मॅन्युअल सापडलं दापोऱ्यात

अरे, बाबा गेल्यापासून त्यांची विलायती मोटरसायकल बंदच होती. वर्षभर तिचं मॅन्युअल शोधलं. शेवटी कोणीतरी दापोऱ्याच्या म्हाताऱ्या मिस्त्रींचं नाव सांगितलं. गाडी टेम्पोत घालून बुऱ्हाणपूरहून त्यांच्या दारात गेलो.

मिस्त्री हसले. "पुस्तक वाळवीनं खाल्लं. अन् मला कुठं वाचता येतं? ही वाचायची, मी पाना चालवायचो."

काकू आतून केळीचे वेफर्स तळता तळता म्हणाल्या, "कार्बुरेटरची पिन दाब. पेट्रोल ओघळलं का सोड. मग किक मार."

तिसऱ्या किकला गाडी धडधडली! माझे डोळेच भरले. काकूंच्या पाया पडलो.

त्यांनी गॅस बंद केला, पदर खोचला. "यांनी चाळीस वर्षं नुसतं वाचून घेतलं, कधी मागं बसवलं नाही. चल, तापीपर्यंत फिरव!"