केमिकलच्या यादीत माझा ब्लॉग

हसू नका, त्या दिवशी माझी खरंच फाटली होती. बोईसरच्या कारखान्यांच्या वासावर मी टोपणनावाने ब्लॉग लिहितो ना, तो वाचक वाढावेत म्हणून एका ऑनलाइन जाहिरात-डिरेक्टरीत टाकला. विषय विचारला, तर मी 'केमिकल' निवडलं. झालं! मी नोकरी करतो त्याच केमिकल कंपनीच्या जाहिरातीखाली माझा ब्लॉग, आणि नोंदणीसाठी दिलेलं खरं नावही त्यावर छापलेलं, मोबाईल नंबरसकट.

सकाळीच आमचे सुपरवायझर राऊत यांनी केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"हा ब्लॉग तुजा हाय?"

मी कबूल करून टाकलं. "हो."

राऊत हळूच म्हणाले, "आमच्या पाम गावाला पण जाम वास येतो. ते पण लिही. फक्त माजं नाव नाय टाकायचं."

मी मान डोलावली. माझं नाव मात्र काही केल्या त्या डिरेक्टरीतून निघत नाहीये.