त्र्यंबकरावांनी धरलेली जागा

मंडळी, पुढं सरका! अहो सरका, मागं माणसं उभी आहेत आणि इथं सतरंजीवर ही शाल कुणाची? माणूस नाही, नुसती शालच बसलीय! चांगली मांडी घालून बसलीय! आख्यान तिला सांगू का? — कुणाची असेल त्यांनी उचला. नाव विचारत नाही. नाव विचारलं तर चार जण उठतील, अशी माझी खात्री आहे.

हसता काय! आज प्रश्नच हा आहे. माणूस जागा धरतो ती कशासाठी? स्वतः बसायला? का दुसऱ्यानं बसू नये म्हणून? सांगा! — हं, एकमेकांकडं बघायला लागले. बुवांनी कालच्या जेवणावळीतलं बघितलं की काय, असं वाटलं ना? बघितलं. पण त्याचं काही बोलत नाही. पेटीवाले, सूर बारीक ठेवा. मंडळी, ऐका!

कोरेगावात त्र्यंबकराव सातपुते म्हणून एक गृहस्थ. मोजणी खात्यात नोकरी केली, आता निवृत्त. माणूस कसा? सज्जन! व्यसन नाही, वाकडं पाऊल नाही. पण स्वभाव — चुळबुळ्या! पंगतीत बसले की लक्ष वाढप्याकडं, लग्नाला गेले की लक्ष चपलांकडं. आणि एस.टी. स्टँडवर गाडी लागायची खोटी, की ह्यांचा हात खिशात! गाडी अजून हलतेय, थांबलेली नाही, तोच खिडकीतून रुमाल आत! पडला सीटवर. झालं! जागा आपली! दिल्लीहून मंत्री आला तरी उठायचा नाही.

आणि बायको? कुमुदिनीबाई. त्या पिशव्या घेऊन मागं. गर्दी ओसरली की शेवटी चढायच्या, आणि त्र्यंबकराव आतून हात करायचे, "ये, ये! धरलीय!" छाती अशी फुगलेली. महाबळेश्वरला गेले — देखावा बघायला बाई कड्यापर्यंत गेल्या, हे परतीच्या गाडीला रुमाल टाकायला स्टँडवर. जोतिबाला गेले — बाई पालखीपुढं, हे स्टँडवर. मंडळी, उभा संसार असा झाला. एक खिडकीच्या आत, एक बाहेर.

गेल्या वर्षी कुमुदिनीबाईंचं मोठं ऑपरेशन झालं. वाचल्या. पण दवाखान्यात पडल्या पडल्या त्यांच्या मनात आलं, आपण एवढं फिरलो, एवढे देव केले, आणि दोघांनी एका ठिकाणी उभं राहून बघितलं असं काय? आठवायला लागल्या. आठवेना! एकसुद्धा आठवेना. बाईंना त्याचं फार वाईट वाटलं. ऑपरेशनचं नाही वाटलं एवढं.

यांची मुलगी मृण्मयी, परदेशात. पोर्तुगाल म्हणून देश आहे, तिथं नोकरीला. तिनं आईबापाला बोलावलं आणि त्या देशाचं एक बेट आहे, मदेरा, तिथं दोघांना फिरायला धाडलं. आता बेट म्हणजे तुम्हाला वाटेल वाळू, नारळ... नाही! समुद्रातून डोंगरच उभा! सपाट जमीन औषधाला नाही. डोंगराच्या अंगावर घरं, घरांच्या डोक्यावर केळीच्या बागा, आणि त्याच्यावर ढग. मोठ्या बसचं काम नाही. उघड्या टपाची जीप येते, ती दगडधोंड्यातून, ओढ्यातून, रानातून दिवसभर फिरवते. आणि जीप एकट्याची नाही हं! सामाईक! कुठली कुठली माणसं एका गाडीत.

निघताना हॉटेलच्या दारात बाई म्हणाल्या, "अहो, एक मागू?"

"पाण्याची बाटली घेतलीय," त्र्यंबकराव म्हणाले.

"ते नव्हे. आज जागाबिगा नको. आज मला तुमच्याशेजारी उभं राहून काहीतरी बघायचंय. एवढंच."

"अगं, बघू की! दिवसभर बघायचंच आहे!" — तोंड बाईंकडं, आणि डोळे? रस्त्याकडं! जीप वळणावर दिसली होती.

जीप थांबते न थांबते, रुमाल आत! ड्रायव्हरच्या मागची, कडेची, दरीच्या बाजूची जागा! ड्रायव्हर दुआर्ते म्हणून एक उमदा गडी. तो खाली उतरून सगळ्यांना समजावतोय, की बाबांनो, गाडी सगळ्यांची आहे, कडेला बसलं की छान दिसतं, म्हणून प्रत्येक थांब्यानंतर जागा बदलायच्या, आळीपाळीनं बसायचं. किती सोपं! कुमुदिनीबाईंना इंग्रजी बेताचं, पण त्यांना कळलं. त्र्यंबकरावांना इंग्रजी चांगलं — त्यांनी ऐकलंच नाही! ते रुमालाची घडी मोडली का बघत होते.

गाडीत आणखी कोण? जर्मनीचे एक आजी-आजोबा आणि पोलंडच्या दोन तरण्या मैत्रिणी. बस्स. निघाली गाडी! वळण, वळण, वळण! पोटातलं तोंडात आणि तोंडातलं पोटात! बाई खूश. "अहो, ते बघा, केळी! आपल्या वसईसारख्या!" त्र्यंबकराव बघतात का? बघतात — जर्मन आजोबा आपल्या सीटकडं बघताहेत का, ते बघतात.

पहिला थांबा. खाली समुद्र, वर कडा. सगळे उतरले. त्र्यंबकरावांनी सीटवर रुमाल ठेवला, नीट चारी कोपरे पसरले, आणि उतरले. बाईंच्या शेजारी उभे राहिले खरे! पण मान कुठं? मागं! समुद्र पुढं, मान मागं! बाई म्हणतात, "ते जहाज बघा," हे म्हणतात, "हां, हां," आणि पुन्हा मागं. शेवटी राहवेना, निघाले तरातरा. जाऊन बघतात तर कडेच्या जागेवर जर्मन आजी! आणि दुआर्ते रुमाल हातात धरून उभा. घडी घालून! "सर, तुमचा रुमाल पडला होता," म्हणून अदबीनं परत दिला.

पडला होता! अहो, कोरेगाव स्टँडवर ज्या रुमालाला पैलवान घाबरायचे, तो ह्या बेटावर — पडला होता! त्या बिचाऱ्यांना काय कळणार, हा रुमाल म्हणजे सातबारा आहे ते! त्र्यंबकराव मधल्या सीटवर बसले. बाई शेजारी. चांगली चिकटून बसायला मिळालं म्हणून बाई हसताहेत, आणि ह्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड. कशात लक्ष नाही. गाडी रानात शिरली, दोन्ही बाजूला ही मोठी जुनी झाडं, शेवाळानं मढलेली, आणि हे मनात हिशेब मांडताहेत, आता उतरायचं नाही. काही झालं तरी उतरायचं नाही.

दुसरा थांबा, धबधबा. सगळे उतरले, आणि त्र्यंबकराव मधल्या सीटवरून सरकले ते थेट कडेला! दांडी घट्ट धरली. "अहो, चला की," बाई खालून म्हणाल्या. "तू हो पुढं. मी आहे इथं." बाई गेल्या. परत आल्या तेव्हा ओंजळीत पाणी. आणेपर्यंत सांडलंच होतं सगळं, पण ओले हात त्यांनी नवऱ्याच्या गालाला लावले. "गार आहे ना?" म्हणाल्या. त्र्यंबकराव म्हणाले, "शर्ट भिजेल."

बाकीच्यांना वाटलं, या गृहस्थांची तब्येत बरी दिसत नाही. उंचीची भीती वाटत असेल. दांडी कशी धरलीय बघा! पोरींनी पाणी विचारलं, जर्मन आजीनं पिशवीतून पेपरमिंट काढून दिलं, हातावर थोपटलं. "तुम्ही बसा, बसा, उठू नका." कडेची जागा सगळ्यांनी दयेपोटी सोडली, आणि त्र्यंबकरावांना वाटलं — जिंकलो! मंडळी, असं होतं. लोक कीव करतात आणि आपण समजतो आपला दरारा आहे. आपल्या गावात असं कुणी नाही, ही देवाचीच कृपा म्हणायची.

गाडी चढत चढत गेली पार डोंगराच्या माथ्यावर. झाडं खाली राहिली. ढगसुद्धा खाली राहिले! दुआर्ते म्हणाला, इथून थोडं चालत वर गेलात की ढग पायाखाली दिसतील, आणि ढगांतून डोंगरांची टोकं वर आलेली दिसतील. चला लवकर. इथलं हवामान कधी फिरेल सांगता येत नाही.

सगळे निघाले. कुमुदिनीबाई निघाल्या नाहीत. जीपच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. अंगात निळं स्वेटर, खांद्यावर शाल. म्हणाल्या, "अहो, ही शेवटची जागा. एवढ्यासाठी तरी उतरा. मी सकाळी मागितलं होतं."

त्र्यंबकरावांच्या जिवाची उलघाल झाली. खोटं कशाला बोलू, माणूस वाईट नव्हता! एक पाय उचललासुद्धा. पण परतीची वाट लांब, सगळा उतार दरीच्या बाजूनं, आणि तो जर्मन म्हातारा परत आला की... पाय खाली ठेवला. "तू जाऊन ये गं. मी जागा धरतो, जाताना तुला इथं बसवतो. तुझ्यासाठीच धरतोय ना!"

बाई वळल्या. वर निघाल्या. पायऱ्यापायऱ्यांची वाट. निळं स्वेटर वर वर गेलं आणि वळणाआड झालं.

आता त्र्यंबकराव एकटे. सगळी जीप त्यांची! कुठल्याही जागेवर बसा! चैन पडली का? नाही पडली. कडेला बसले, मग मधे बसले, मग उठून पुन्हा कडेला. घड्याळ बघितलं. पेपरमिंट खाल्लं. आणि खालून ढग उठला. दरीतून वर आला, पुढं लागलेली दुसरी एक गाडी दिसेनाशी झाली, पायऱ्या दिसेनाशा झाल्या. सगळं पांढरं. बोलण्याचा आवाज आला — आल्या! — नाही, पोलंडच्या पोरी. मग जर्मन आजी-आजोबा, एकमेकांचा हात धरून. मग दुआर्ते. माणसं मोजली त्यानं. "सर, मॅडम कुठं आहेत?"

मॅडम नाहीत.

आणि मंडळी, इथं कान द्या. त्या क्षणी त्र्यंबकराव उठले, आणि उठता उठता त्यांचा हात आपोआप खिशात गेला. रुमाल काढला. सीटवर टाकायला! बायको ढगात हरवलीय, आणि हात रुमाल टाकतोय! त्यांनी स्वतःच्या हाताकडं बघितलं आणि त्यांना स्वतःची शिसारी आली. तसेच उडी मारून उतरले आणि धावले.

धावले कसले! साठी उलटलेला माणूस, बर्फासारखा वारा, पुढचं पाऊल दिसत नाही. "अगं!" हाक मारली. "अगं, ऐकलंस का!" ढगात हाक जाईना. ऑपरेशन झालेली बाई. चक्कर आली असेल? कठड्याला कुठं फट असेल? दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीबाहेरचा बाक आठवला, तिथं बसून देवाला काय काय बोललो होतो ते आठवलं. "कुमुदिनी! अगं कुमुदिनी!" रडत होते मंडळी, लाज सोडून रडत होते.

"अहो, इथं आहे मी. ओरडता काय असे?"

कठड्याच्या आत एक सपाट दगड. त्याच्यावर बाई बसलेल्या, थंडीनं ओठ काळेनिळे. दगडावरची आपल्या शेजारची जागा रिकामी, आणि त्या जागेवर शाल पसरलेली. थंडीत अंगावरची काढून!

"आलात?" बाई म्हणाल्या. "मला वाटलंच, याल म्हणून. त्या पोरी बसायला आल्या होत्या. मी म्हटलं, नो, नो, माय मिस्टर कमिंग. बसा."

त्र्यंबकराव बसले. पुढं काय होतं? काही नाही! पांढरं! ढग पायाखाली नाहीत, ढग डोळ्यांत. त्यांनी शाल काढून बायकोच्या अंगावर घातली. मग विचारलं, "काय दिसत होतं गं?"

"खूप छान होतं," बाई म्हणाल्या. "सगळीकडं कापूस पिंजून टाकलेला, आणि त्यातून डोंगरांची काळी डोकी वर आलेली. एका डोंगरावर ऊन पडलं होतं. तुम्हाला दाखवायचं म्हणून मी त्याच्यावरची नजर काढली नाही. बराच वेळ होतं. मग गेलं."

बोट दाखवून सांगत होत्या. पांढऱ्यात बोट! आणि हे बोट जाईल तिकडं बघत होते.

खालून दुआर्तेनं हॉर्न वाजवला. तशी कुमुदिनीबाई गडबडून उठल्या, पदर सावरला, आणि अगदी मनापासून — टोमणा नाही हो, रागही नाही, जन्माची सवय — म्हणाल्या, "चला लवकर! तुमची जागा जाईल."

त्र्यंबकरावांना तोंड वर करता येईना. बायकोचा हात धरला आणि म्हणाले, "जाऊ दे. बस थोडं."

तुम्ही म्हणाल, बुवा, मग ढग हटला असेल, देवानं दर्शन दिलं असेल! नाही. हटला नाही. दुआर्ते वर येऊन घेऊन गेला, तोवर पांढरंच होतं. जे गेलं ते गेलं. जर्मन आजोबांनी कडेची जागा मोकळी ठेवली होती, ती कुमुदिनीबाईंना दिली, आणि त्र्यंबकराव मागं जागा होती तिथं बसले. उतरताना बाई मागं वळून काही काही दाखवत होत्या. ते बघत होते.

आता मंडळी, त्र्यंबकराव राहू द्या. तुमच्याकडं येतो. खुर्ची धरलीत, पद धरलंत, बांध हात-दोन हात पुढं सरकवून जमीन धरलीत. सगळं कुणासाठी? विचारलं की म्हणता, घरच्यांसाठी! घरच्यांना विचारलंत कधी? या मंडपातून उठाल तेव्हा आधी चपला शोधू नका. जरा आठवा, की या घटकेला कोण कुठं आपल्या शेजारची जागा तुमच्यासाठी मोकळी ठेवून बसलंय. आई असेल. बायको असेल. बोलणं बंद असलेला भाऊ असेल. गाभाऱ्यातला तो तर आहेच, त्याला घाई नाही. पण या बाकीच्यांना थंडी वाजते हो!

उठा. त्याचं नाव घ्या, आणि ज्याच्याकडं जायचंय त्याच्याकडं जा.