कॅमेरा हलू नये म्हणून

—नाही नाही, हा कॅमेऱ्याचा माउंट काढून नाही ठेवणार, गाडीबरोबरच जाईल. हात लावून बघा ना, हलतो का? नाहीच हलणार. तयार माउंट घ्यायला गेलात तर महाग पडतो, म्हणून घरीच केला—हो, मीच केला. धम्मपाल, माझा नवरा, रेसमध्ये गाडी पळवायचा, बाकी उद्योग माझे. पाच दिवस दिल्लीला मंत्रालयातल्या फायली, शनिवारी ड्रिल मशीन. हा पांढरा तुकडा दिसतोय? भाजी चिरायचा प्लास्टिकचा बोर्ड आहे, कापून भोकं पाडली. आणि गाडी उलटली तर वाचवायला आत हा पिंजरा असतो ना, त्याच्या पाइपाला आवळलेत ते सायलेन्सरचे क्लॅम्प—इथेच फरीदाबादला घेतले, दुकानदार विचारतो, ‘मॅडम, बाइक कौनसी है?’ म्हटलं, बाइक नहीं भैया, कॅमेरा है. बघतच राहिला तो. ही दोरी मात्र कधी सोडू नका हं, माउंट निसटला तर कॅमेरा थेट डोक्यात बसेल.

कॅमेरा कशाला? अहो, तो मागे पडायला लागला होता. काल शिकलेली पोरं पुढे निघून जायची. म्हणायचा, ‘श्रावस्ती, कुठलं तरी वळण चुकतंय माझं, बघायला पाहिजे.’ म्हणून कॅमेरा त्याच्या खांद्यामागे लावला—समोरचा रस्ता दिसतो, स्टिअरिंग दिसतं, हातही दिसतात. पहिला व्हिडिओ तर बघवेना, सगळंच थरथरत होतं. मग खाली सायकलच्या ट्यूबचं रबर घातलं. रस्ता जरा थांबला. मग पाइपाला दुसरा आधार दिला—डॅशबोर्ड थांबला, काचेवरचा नंबरसुद्धा स्पष्ट वाचता यायला लागला. एवढं सगळं थांबलं, आणि त्याचा डावा हात तेवढा हलतच होता. मी म्हटलं, अजून कुठेतरी ढिलं असेल. अजून एक नट पिळला. अच्छा, हातातच गाडीचे धक्के बसत असतील, असंही म्हटलं—माणूस काय काय म्हणतो.

मग एकदा रेसच्या आधी रांगेत उभा होता, कॅमेरा चालूच राहिला होता. इंजिन बंद. हात मांडीवर. गाडी दगडासारखी उभी, आणि हात… तसाच.

घरी आल्यावर मी तो व्हिडिओ लावला. लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला. त्याने एकदा बघितलं, मागे घेऊन परत बघितलं. मग म्हणाला, ‘माउंट मस्त झालाय गं.’ बस, एवढंच. नंतर डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. पार्किन्सन. बेचाळिसाव्या वर्षी होतो का? होतो म्हणाले. तुम्हाला वाटेल मी रडले असेन—नाही. घरी येऊन भेंडी चिरली, बोर्ड तर इथे लागलेला, म्हणून हातातच धरून चिरली. त्याने वरण गरम केलं. जेवलो. रडू यायला पाहिजे होतं, यार, असं मलाच वाटत होतं, पण आतून काही हललंच नाही. अजून नाही.

हे सगळं कशाला सांगत बसले मी तुम्हाला… तुम्ही गाडी न्यायला आलात. इंजिन बिल्कुल ठीक आहे. विकायचं त्यानेच ठरवलं, मी नाही. मी म्हणत होते, राहू दे इथेच खाली पार्किंगमध्ये, झाकून ठेवू. तर म्हणाला, ‘झाकलेली गाडी रोज बघू का मी?’

लिफ्टचा आवाज आला—तोच असेल. हात मिळवायला पुढे करू नका हं, लांबूनच जय भीम म्हणा, म्हणजे त्यालाही दोन्ही हात जोडता येतील. आणि तुमचा ट्रक गेटबाहेर उभा आहे ना, तिथपर्यंत गाडी तोच काढून देणार आहे. मी हो म्हटलंय. शेजारी बसू नका. गिअर अडकला, वळण मोठं घेतलं, तर ‘मी घेतो’ म्हणू नका. मागून चालत या.

ये रे, हेच ते. चावी गाडीलाच आहे.

व्हा दादा, बाजूला व्हा.