कालव्याचे पाणी एक दिवस बंद ठेवण्याबाबत

जबाब
दिनांक १३/०४/२००३, रविवार, सकाळी १०.४० वाजता

मी, शालन सयाजी बोऱ्हाडे, वय ४४ वर्षे, धंदा अंगणवाडी सेविका व घरची शेती, राहणार माळवाडी, शिनोली, ता. आंबेगाव, जि. पुणे, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

माझ्या सासूबाई ठमाबाई चोवीस वर्षांपूर्वी मला म्हणाल्या होत्या, "शपथ पोराला घालू नये, शालन. पोर शपथ पाळत नाय, लपवायला शिकतं." तेव्हा माझा धाकटा दीर चोरून गूळ खात असे आणि मी नवी सून असून त्याला देवापुढे उभे केले होते. सासूबाई आता हयात नाहीत. हे जबाबात घ्यायचे का, असे हवालदारसाहेबांनी विचारले. मी घ्या म्हणाले, कारण पुढचे सगळे मी हे वाक्य ऐकलेले असताना केले आहे.

काल दिनांक १२ रोजी संध्याकाळी सातच्या सुमारास आमच्या वाडीतील सुदर्शन चिमाजी काळे, वय १६, हा त्याच्या चुलत्याच्या एम-एटी गाडीसह कालव्यात पडला. गाडी मिळाली आहे. सुदर्शन मिळालेला नाही. गाडीवर मागे माझा मुलगा स्वराज, वय १६, बसला होता. दोघेही बिअर प्यालेले होते. दोघांकडेही लायसन नाही. स्वराजला मी सोबत आणले आहे. तो बाहेर बाकावर बसला आहे. त्याचा जबाब वेगळा घ्यावा.

मी वाडीच्या महिला मंडळाची अध्यक्ष आहे. मागील वर्षी डिसेंबर महिन्यात आमच्या रस्त्यावर दारू पिऊन गाडी चालवणारा पंधरा वर्षांचा मुलगा झाडावर आदळून मयत झाला. तो माझ्या अंगणवाडीत दोन वर्षे होता. त्यानंतर आम्ही अकरा बायका फाट्यावरच्या ढाब्यावर गेलो आणि अठराच्या आतल्या मुलांना दारू देऊ नका असे सांगितले. ढाबेवाला म्हणाला, "मिशी फुटली की पोरगं मोठं. मी काय दाखले तपासत बसू? तुमची पोरं तुमी दाव्याला बांधा." आम्ही ग्रामसभेत ठराव केला. ठरावाची नक्कल तालुक्याला दिली. पोच माझ्याकडे आहे. पुढे काही झाले नाही.

म्हणून जानेवारीपासून आम्ही स्वतः नाका लावला. वाडीत शिरताना वडाचे झाड आहे, तिथे मंगळवारी बाजाराच्या दिवशी आणि आसपासच्या जत्रांच्या दिवशी, दुपारी चार ते रात्री आठ, पाच-पाच बायका उभ्या राहत. दुचाकीवरचा मुलगा थांबवायचा, "हा कर" म्हणायचे आणि तोंड हुंगायचे. वास आला तर चावी काढून घ्यायची, ती बापाच्याच हातात द्यायची. नाक्याला कोणाची परवानगी नव्हती. ती लागते हे मला माहीत होते.

फेब्रुवारीत भैरवनाथाच्या देवळात वाडीतल्या एकतीस मुलांनी बेलभंडारा उचलला की अठरा पूर्ण होईपर्यंत दारूला शिवणार नाही व पिऊन गाडीला हात लावणार नाही. मी अध्यक्ष असल्याने पहिला बेलभंडारा माझ्या मुलाने उचलला. दुसरा सुदर्शनने. त्याची आई धोंडाबाई माझ्या शेजारी उभी होती. ती मला म्हणाली, "आता झोप लागंल बघा ताई."

त्याच दिवशी असेही ठरले की नाक्यावर ज्याच्या तोंडाला वास येईल त्याचे नाव आरतीनंतर देवळाच्या भोंग्यावर वाचायचे, बापाच्या नावासकट. ही कल्पना माझी होती. दुसऱ्या कोणाचीही नव्हती. धर्माजी गुरव म्हणाले होते, "बाई, भोंगा देवासाठी हाय." मी त्यांना समजावले.

फेब्रुवारीत दोन नावे वाचली गेली. त्यातला एक मुलगा पंधरा दिवस शाळेत गेला नाही. मार्च महिन्यात एकाही तोंडाला वास आला नाही. आम्ही मंडळात पेढे वाटले.

मार्चच्या शेवटी मी अंगणवाडीच्या सतरंज्या धुवायला कालव्यावर गेले होते. भरावावर दुचाकीच्या बऱ्याच चाकोऱ्या दिसल्या. ती गाड्यांची वाट नाही. दूधवाले जात असतील, असे मी समजले. कोणाला विचारले नाही.

काल शेजारच्या गावची जत्रा होती, दुपारी बैलगाड्यांच्या शर्यती होत्या. मी, धोंडाबाई व आणखी तिघी चार वाजल्यापासून नाक्यावर होतो. धोंडाबाईकडे बॅटरी होती. साडेसहापर्यंत नऊ गाड्या थांबवल्या. वास आला नाही. एक मुलगा मला म्हणाला, "काकू, माझी आई बी माझ्या तोंडाच्या येवढी जवळ येत नाय." धोंडाबाई म्हणाली, "कशी येईल? दात घासत जा आधी." सगळ्या हसल्या. मीही हसले. मग धोंडाबाईने त्याला विचारले, "आमचा सुदर्शन कुठं राहिला रं?" तो म्हणाला, "येत्यात मागनं दोघं." असे म्हणताना त्याने कालव्याच्या बाजूला पाहिले. हे मी पाहिले होते.

आठ वाजता नाका उठवला. सुदर्शन चुलत्याबरोबर तमाशाला थांबला असेल असे धोंडाबाई म्हणाली, कारण गाडी चुलत्याची होती.

मी घरी आले तेव्हा स्वराज आधीच आलेला होता. तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता. जेवायला उठला नाही. डोके दुखते म्हणाला. त्याची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती, ती त्याने दोरीवर टाकली होती. घरात चघळलेल्या पेरूच्या पाल्याचा वास येत होता. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गरम नव्हते. जानेवारीपासून मी वाडीतल्या प्रत्येक मुलाचे तोंड हुंगले आहे. काल रात्री मी त्याला "हा कर" म्हणाले नाही. का म्हणाले नाही, असे मला आता विचारण्यात आले. मी एवढेच सांगते की मी दिवा मालवला.

आज सकाळी पावणेसहा वाजता सुदर्शनचा चुलता जीपने एकटाच परत आला. सहा वाजता धोंडाबाई माझ्या दारात आली. ती म्हणाली, "ताई, आमचं पोरगं तुमच्याकडं झोपलंय का?" मी नाही म्हणाले. आत स्वराज जागा होता. मी त्याला विचारले. त्याने जे सांगितले ते असे :

शर्यती संपल्यावर दोघांनी ढाब्यावर एक-एक बाटली बिअर घेतली. नाका चुकवण्यासाठी ते कालव्याच्या भरावावरून निघाले. मार्चपासून वाडीतली बरीच मुले तिकडूनच येत होती. मधे फक्त कांद्याची शेते असल्याने वडापासून भराव दिसतो, म्हणून सुदर्शनने पुढचा दिवा बंद केला. मोरीजवळ वाट अरुंद होऊन वळते. स्वराज शेताच्या बाजूला पडला. सुदर्शन गाडीसकट पाण्यात गेला. सुदर्शनने दोनदा "स्वऱ्या" अशी हाक मारली. स्वराज गवताला धरून गुडघाभर पाण्यात उतरला, पण त्याला पोहता येत नाही. पुढच्या पुलापर्यंत तो काठाने पळाला. मग हाक आली नाही. तिथून आमच्या नाक्यावरची बॅटरी दिसत होती, असे तो म्हणाला.

मी त्याला विचारले, "मग आमच्याकडं का आला नाहीस?"

तो म्हणाला, "तू नाव वाचलं असतंस."

हे धोंडाबाईसमोर झाले. पूल ते वड हे अंतर मी आज सकाळी चालून पाहिले. सहा मिनिटे लागतात. पळत गेले तर कमी.

सात वाजता वाडीतले लोक कालव्यावर गेले. मोरीजवळ घसरल्याची खूण आणि सुदर्शनची एक चप्पल मिळाली. नऊच्या आत दोर लावून गाडी काढली. पट्टीचे पोहणारे तिघे उतरले. पाणी साडेसात फूट आहे व फार ओढते. तिघांनाही दोराने वर घ्यावे लागले. सुदर्शनचे वडील चिमाजी काळे सकाळपासून काठाने खालच्या अंगाला चालत गेले आहेत. ते अद्याप परत आलेले नाहीत.

धोंडाबाईचे म्हणणे आहे की सुदर्शन बाहेर निघाला आहे. ती म्हणाली, "भ्यालंय ते. कुठंतरी उसात दडून बसलंय. भोंग्यावर नाव घेणार नाय म्हणून सांगा त्याला. तुमीच सांगा ताई, तुमचं ऐकंल." म्हणून आठ वाजता आम्ही देवळात गेलो. धर्माजी गुरवांनी भोंगा सुरू करून दिला. मी सांगितले की सुदर्शन, बाळा, घरी ये, कोणी तुझे नाव वाचणार नाही, कोणी रागावणार नाही, शपथ मागे घेतली आहे. असे चार वेळा सांगितले. धोंडाबाई म्हणाली, "परत सांगा." मी परत सांगितले. नंतर तिने माझ्या हातातून माईक घेतला. तिचा श्वास तेवढा भोंग्यावर ऐकू येत होता, असे कालव्यावरच्या लोकांनी सांगितले.

ती आत्ताही देवळाच्या पायरीवर बसली आहे. तिथून उसाची वाट दिसते. मी इकडे निघाले तेव्हा तिने मला अडवले नाही आणि माझ्याकडे पाहिलेही नाही.

त्यानंतर मी पाटकऱ्याकडे गेले. कालव्याची दारे तोच उघडतो आणि पाडतो. तो म्हणाला, "ताई, दार माझ्या हातात हाय, पर हुकूम नाय. आज आयतवार. सायेब मंगळवारशिवाय येत नाय. खालच्या लोकांना एकवीस दिसांनी पाणी मिळालंय. मधीच तोडलं तर ते मला जित्ता सोडतील का?" त्याला स्वतःला दोन मुली आहेत. बोलताना तो माझ्या पायांकडे बघत होता. त्याचा दोष नाही.

मी या ठाण्यातील साहेबांनाही हे विचारले. असा हुकूम देण्याचा अधिकार या ठाण्याला नाही, जिल्ह्याला कळवू, असे त्यांनी सांगितले. जिल्ह्याच्या फोनची घंटी वाजत राहते, कोणी उचलत नाही.

मोरीपासून चार किलोमीटरवर सायफन आहे. तिथे कालवा जमिनीखालून जातो. तिथे अडकलेले माणूस पाणी चालू असताना निघत नाही, असे पाटकऱ्याने मला हळू आवाजात सांगितले. तेवढे धोंडाबाईला सांगू नका, असेही म्हणाला. मी तिला सांगितलेले नाही.

नाका माझा होता. भोंग्याचे मी ठरवले. बाकीच्या बायका माझ्या सांगण्यावरून उभ्या राहत, त्यांना बोलावू नये. स्वराजने रात्रभर गप्प राहून जो वेळ घालवला त्याबद्दल कायद्यात जे असेल ते त्याला लागू करावे. माझ्याबद्दलही तसेच. माझे पती सयाजी चाकणला कंपनीत आहेत, त्यांना फोन केला आहे, ते निघाले आहेत. त्यांनी स्वराजसाठी काही रदबदली केली तर ती माझी समजू नये.

माझी विनंती एकच आहे, ती म्हणजे कालव्याचे पाणी आज एक दिवस बंद करावे. खालच्या तालुक्यातली पिके वाळत आहेत हे मला माहीत आहे. आमचा दीड एकर कांदाही याच पाण्यावर आहे. मुलगा जिवंत असेल तर पाणी बंद करून उपयोग नाही आणि नसेल तर घाई कसली, असे एका गृहस्थांनी मला कालव्यावर समजावले. पण धोंडाबाई पायरीवरून उठायला तयार नाही. तळ दिसल्याशिवाय ती उठणार नाही.

वरील मजकूर हवालदारसाहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी जसे बोलले तसाच तो लिहिलेला आहे, त्यात चूक नाही. पाण्याची विनंती जबाबात बसत नाही, त्यासाठी सोमवारी वेगळा अर्ज द्या आणि तेवढा भाग कमी करून सही करा, असे मला सांगण्यात आले. तो भाग कमी केला तर मी सही करणार नाही.

आता साडेअकरा झाले आहेत. बारा वाजता दार पाडले तर आमच्या इथले पाणी पाचपर्यंत उतरते. उजेड सातपर्यंत असतो. शोधायला तेवढे दोन तास मिळावेत म्हणून पाणी बंद करावे, ही विनंती.

(सही) शालन सयाजी बोऱ्हाडे