विहीणबाईंची बारा बटणं

...नाही, पण मी म्हणतो, माणसानं इतकं शांत बसावं का? इथे अख्ख्या सुट्टीचा फैसला चाललाय, माझ्या चष्म्याच्या काचांवर घामाची वाफ धरलीय, आणि विहीणबाई बसल्यात कशा, तर जणू गॅलरीत केस वाळवतायत! कपाळावर आठी नाही की पापणी हलत नाही. आता तुम्हीच सांगा, अशा बाईच्या हातात आहे तरी काय, हे ओळखायचं कसं?

तुम्हाला सांगतो, आधीपासून ऐका. नातीला महिन्याची सुट्टी. तीस दिवस. मुलगी आणि जावई दोघंही कामावर, मग नात राहणार कुणाकडे? आमच्याकडे की जावयाच्या आईकडे? दर वर्षी यावरून रुसवेफुगवे. शेवटी जावई वैतागला, म्हणाला, 'पत्त्यांवर ठरवा ना! पोकर खेळा.' शिवणाच्या डब्यातून तीस बटणं काढली. एक बटण म्हणजे नातीचा एक दिवस. पंधरा मला, पंधरा विहीणबाईंना. अहो, आजोबांनी नात डावावर लावावी? लावली!

दोन तास खेळलो आणि फिरून दोघंही पंधरावरच. मग जावयानं जाहीर केलं, 'हा शेवटचा डाव, मला झोप येतेय.' भर दुपारी चार वाजता!

खेळ सोपा आहे. दोन पानं प्रत्येकाच्या हातात, झाकलेली. पाच मधे उघडी, दोघांच्या कामाची. माझ्या हातात राजा आणि अठ्ठी. टेबलावर काय पडावं? राजा आणि अठ्ठी! दोन जोड्या! मी आतून नाचतोय, वरून मात्र उपासाला बसल्यासारखा चेहरा. एक बटण लावलं, बाईंनी एक लावलं. मग दोन लावली, बाईंनीही दोन लावली. गप. मग आलं पाचवं पान. या शेवटच्या पानाला पोकरवाले रिव्हर म्हणतात. नदी! का म्हणून जावयाला विचारलं, तर म्हणतो, 'बाबा, लोक इथेच वाहून जातात.'

पान आलं बदामाची दुर्री. टेबलावरचं तिसरं बदाम. म्हणजे बाईंच्या हातात दोन बदामं असली, तर झाली पाच, आणि एका रंगाची पाच पानं दोन जोड्यांना खातात; माझे राजेबिजे गेले गटारात! आणि तेवढ्यात बाईंनी उरलेली बाराच्या बारा बटणं पुढे सरकवली आणि म्हणाल्या, 'सगळी.' बाई तीस वर्षं बसस्थानकावर माईकवरून घोषणा करत होत्या हो. गाडी आली, गाडी रद्द झाली, गाडी दरीत गेली, एकच आवाज! 'प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी, सगळी.'

पण हातात आहे काय?

पानं टाकून उठलो, तर माझे बारा दिवस पक्के. पण बाईंची पानं मग कधीच दिसणार नाहीत, तसा नियमच आहे. बारा लावून बघितली, तर एकतर तीस दिवस, नाहीतर भोपळा. बायको बाजूला बसून कोपराला चिमटे काढतेय. 'अहो, बारा हातात आहेत ना? उठा. तुम्हाला मेलं सगळं उघडून बघायची खोड! मागे प्रेशर कुकरही असाच उघडला होतात.'

मी म्हटलं, थांब. मी चष्मेवाला आहे. चाळीस वर्षं लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावलीत. ज्याला खरंच दिसतं ना, तो अडखळत, डोळे बारीक करत वाचतो. आणि जो रांगेत उभा राहून पाठ करून आलाय, तो? धडाधड! बाईंनी बटणं कशी सरकवली? धडाधड! दुर्रीकडे धड बघितलंसुद्धा नाही. म्हणजे हे आधीच ठरलेलं होतं... पण बदामं असती तरी आधीच ठरलं असतं की! मग? गप्प बसणाऱ्याकडे काही असतं म्हणून तो गप्प असतो, की काहीच नसतं म्हणून?

पण हातात आहे काय?

पाच मिनिटं झाली. जावई म्हणाला, 'बाबा...' मी म्हटलं, 'विचार करतोय.' कसला विचार! खरं सांगू? हिशेब कधीच संपला होता. मला नुसतं बघायचं होतं हो! बारा दिवस घेऊन घरी गेलो असतो आणि जन्मभर छताकडे बघत पडलो असतो, पण हातात होतं काय, होतं काय...

सरकवली! बाराच्या बारा! बायकोनं डोळे मिटले.

बाईंनी पानं उलटली. चौकटची सत्ती. किलवरची पंजी. बस्स. बदाम औषधालाही नाही! मी जिंकलो! तीस दिवस! उडालोच मी खुर्चीतून, गुडघा टेबलावर आपटला, बटणं घरभर. आणि बाई? बाई चक्क हसल्या. म्हणाल्या, 'व्याही, मला खात्री होती. तुम्ही बघितल्याशिवाय राहायचे नाहीत.'

'म्हणजे?'

'पोहण्याच्या क्लासला नाव घातलंय मी. सकाळी सहाची बॅच, महिनाभर. चौसष्टाव्या वर्षी एकदा पाण्यात पडून बघायचंय.'

'अहो, मग सरळ सांगायचं ना!'

'सरळ सांगितलं असतं, तर आजीला नात नको झाली असं म्हणाले असते सगळे. पत्त्यांत हरलं, की कुणी काही म्हणत नाही.'

मी आपला गुडघा चोळत बसलो.

आज नातीचा चौथा दिवस. सकाळपासून विचारतेय, आजोबा, चष्मा नाकावरच का? कानाला का अडकवायचा? कान नसते तर? नाक नसतं तर? बायको बहिणीकडे गेलीय, संध्याकाळी येते म्हणाली, कुठली संध्याकाळ ते नाही सांगितलं. मघाशी विहीणबाईंना फोन लावला, म्हटलं निदान दहा दिवस तरी परत घ्या... तर फोन क्लासवाल्यांनी उचलला, म्हणाले, 'बाई पाण्यात आहेत. आणि बाहेर यायला तयार नाहीत!'